प्रत्येक एररला ‘वा!’ म्हणणारे तांबे सर

भास्कर तांबे सरांना मी प्रथम पाहिले ते माझ्या मुलाखतीच्या दिवशी, आणि तेव्हा ते टेबलाखाली होते. प्राचार्य, संस्थेचे कार्यवाह आणि बाहेरून आलेल्या एक तज्ज्ञ बाई असे तिघे समोर बसलेले, चौथी खुर्ची रिकामी. मी नमस्कार करून बसते न बसते तोच खालून आवाज आला, "बसा बसा, मीही आहे. या केबलचं टोक पुन्हा गंजलंय, तेवढं बघतो आणि येतो." आमच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने खिडक्यांचे गज टिकत नाहीत, तिथे केबलची काय कथा! सर वर आले, हात पुसले, माझी प्रमाणपत्रे न उघडताच बाजूला ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, अलीकडे तुमच्या घरात काय बिघडलं आणि ते शोधताना तुम्हाला मजा आली?"

मी नेटवर्कच्या व्याख्या पाठ करून गेले होते. त्या तशाच पोटात राहिल्या. मी आमच्या नागावच्या वाडीतल्या पंपाची गोष्ट सांगितली. दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, आणि नेमक्या गर्दीच्या दिवसांत मोटार चालायची पण टाकीत पाणी चढायचे नाही. मेकॅनिक म्हणाला मोटार बदला. मी विहिरीतला पाइप वर ओढून पाहिला, तर तळाच्या झडपेत सुपारीचे साल अडकलेले. सरांचे डोळे चमकले. "सालच कसं? पान का नाही अडकलं?" इथून जे प्रश्न सुरू झाले ते कार्यवाह दोनदा खाकरेपर्यंत संपले नाहीत. संगणक विभागात सिस्टिम असिस्टंट म्हणून कंत्राटी नेमणूक मला मिळाली ती त्या सालामुळे, असे माझे अजूनही मत आहे.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांचे विद्यार्थी, सहकारी आणि गणगोत लिहिणार आहेत. त्यामुळे त्यांच्या पदव्या आणि पदे यांची यादी मी देत नाही. ज्यांना सर ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी एवढेच, की सर मूळचे तळा गावचे, तिथल्या बौद्धवाडीतले. वडील प्राथमिक शिक्षक. खाडीकाठच्या आमच्या महाविद्यालयात सर रुजू झाले तेव्हा संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत आणि यंत्रांवर कायम प्लॅस्टिकची आवरणे असत. सरांनी पहिल्याच आठवड्यात आवरणे काढून टाकली आणि विद्यार्थ्यांना चपलांसकट आत बोलावले. कोणी तक्रार केली तेव्हा म्हणाले, "धूळ पुसता येते हो. पोरांच्या मनात भीती बसली तर ती मी कशानं पुसू?" आवरणांचे पुढे काय झाले ते सरांनाच माहीत, मला वाटते शिपायांनी ती पावसाळ्यात सायकलींवर घातली.

सर सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणतात. अकरावीतल्या मुलालाही आणि चहा आणून देणाऱ्या मावशींनाही. मी त्यांना एकदा विचारले, तर म्हणाले, तळ्यात त्यांच्या वडिलांना शाळेतली मुले ‘अहो गुरुजी’ म्हणत आणि मुलांचे पालक ‘ए तांबे’ म्हणत. "दोन्ही हाका एकाच दारात ऐकत मी मोठा झालो." एवढे सांगून ते पुन्हा की-बोर्डकडे वळले.

त्यांची कामाची पद्धत मात्र मी भरपूर सोसली आहे. कोणी धावत येऊन "सर, कॉम्प्युटर बिघडला" म्हटले, की सर शांतपणे विचारतात, "पडद्यावर काय लिहिलंय?" उत्तर येते, "काहीतरी एरर आहे." मग सर त्या माणसाबरोबर जातात, त्यालाच खुर्चीवर बसवतात आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचायला लावतात. एकदा झाले की पुन्हा, सावकाश. आमच्या मराठी विभागाच्या प्रमुख बाईंनी एकदा ‘पासवर्डची मुदत संपली आहे’ हे वाक्य असे काही हेलकावे देत वाचले की अर्धी लॅब ऐकत राहिली. वाचून झाल्यावर बाई स्वतःच म्हणाल्या, "अय्या, मुदत संपली म्हणतोय हा!" सरांनी जागेवरून बोटसुद्धा हलवले नव्हते.

आणि एरर नवीन असेल तर सर म्हणतात, "वा!" अगदी मनापासून. गवय्याची जागा आवडल्यावर म्हणावे तसे. "वा, हा आपण पाहिला नव्हता!" आपले प्राण कंठाशी आलेले असतात आणि शेजारी हा माणूस दाद देत असतो. सुरुवातीला मला याचा फार राग येई. खोटे कशाला सांगू, आजही थोडा येतो.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते. आमच्याकडे ग्रंथालयाचा एक पासवर्ड होता, हजेरीचा दुसरा, निकालाचा तिसरा, ईमेलचा चौथा. प्राध्यापक मंडळी ते डेस्कच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवीत आणि विद्यार्थी ते वाचून ठेवीत. सरांनी ठरवले की सिंगल साइन-ऑन आणायचे. म्हणजे दारावर एकच पहारेकरी. त्याला एकदा नाव आणि पासवर्ड सांगितला की तो पास देतो, आणि तो पास दाखवून बाकी सगळ्या दालनांत जाता येते. हा पहारेकरी म्हणजे एक नवा सर्व्हर. तो ग्रंथालयाच्या इमारतीत बसवला आणि तो उभा करण्याचे काम सरांनी माझ्यावर सोपवले.

पहिला अडथळा ग्रंथालयातच आला. तिथला प्रोग्राम पास घ्यायला तयारच होईना. सरांनी मला एरर दोनदा वाचायला लावला. पास कुठल्या पत्त्यावर पाठवायचा तो पत्ता सर्व्हरकडे नोंदलेला असतो, आणि तो अक्षरन् अक्षर जुळावा लागतो. आमच्या नोंदीत पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ जास्त होती. ती काढली आणि ग्रंथालय उघडले. सर म्हणाले, "वा! एका रेघेवरून माणसाला दारात उभं करतो. आमच्या तालुक्याच्या कचेरीत शोभला असता."

दुसरा अडथळा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. हजेरी आणि परीक्षा यांचा जुना प्रोग्राम ऑफिसातल्या संगणकावर चाले, आणि विद्यार्थ्यांची हॉलतिकिटे त्यातूनच निघत. तिथे जाऊ पाहणारा माणूस लॉगिन करी, सर्व्हर त्याला ओळखून पास देई, ऑफिसचा प्रोग्राम पास नाकारून त्याला परत सर्व्हरकडे पाठवी, सर्व्हर पुन्हा ओळख दाखवून नवा पास देई. दोघांच्या मध्ये तो माणूस चेंडूसारखा टोलवला जाई. पडदा लुकलुके आणि शेवटी ब्राउझर हात टेकी. जुना प्रोग्राम कारण काही सांगत नसे. त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे यंत्र स्वतःच ठेवते त्या नोंदवहीत, वेळ आणि पुढे ‘पास अवैध’ एवढेच.

परीक्षा तोंडावर आलेली. जुनी लॉगिने आम्ही बंद करून टाकलेली. ऑफिसच्या खिडकीशी मुलांची गर्दी, त्यात तळ्याकडून, रोह्याकडून आलेल्या मुली. संस्थेच्या सभेत विषय निघाला तेव्हा कार्यवाह म्हणाले, की शनिवारपर्यंत हे सुरू झाले नाही तर सगळे काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू, आणि मग या पदाचीही गरज उरत नाही. ‘या पदाची’ म्हणजे माझी. माझा करार त्याच महिनाअखेरीस संपत होता.

इथे माझ्या घरचे थोडे सांगणे भाग आहे. नवी मुंबईतली नोकरी सोडून मी नागावला परतले होते, कारण माझ्या बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणे गेले. आईच्याने एकटीने ते होण्यासारखे नव्हते. त्यांना सकाळी उठवून बसवायचे, घास भरवायचा, डॉक्टरांनी सांगितलेले शब्द एकेक करून म्हणवून घ्यायचे, हे मी कामावर जाण्याआधी आणि आल्यावर करीत असे. ही नोकरी गेली असती तर पुन्हा तिकडची खोली, आणि बाबा फोनवर. फोनवर तर ते बोलूच शकत नव्हते.

सरांना हे माहीत होते, पण त्यांनी त्याचा उच्चार केला नाही. फळ्यावर त्यांनी संशयितांची नावे लिहिली: पत्ता, किल्ली, नाव, वेळ. पत्ता जुळतो का, पासावरची सही तपासायची किल्ली दोन्हीकडे एकच आहे का, विद्यार्थ्याचे नाव दोन्हीकडे सारखे लिहिले आहे का, दोन्ही यंत्रांची वेळ एक आहे का. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दुसरीला हात लावायचा नाही. वेळ तपासायला सर स्वतः ऑफिसात जाऊन बसले आणि मी ग्रंथालयात सर्व्हरसमोर. फोनवरून सरांनी त्यांच्या लॉगमधली ओळ वाचली, "अकरा वाजून दहा." माझ्याकडेही अकरा वाजून दहाच. सरांनी परत येऊन ‘वेळ’वर काट मारली. पत्त्यावर मारली, किल्लीवर मारली, नावावर मारली. संध्याकाळपर्यंत फळ्यावर सगळे निर्दोष सुटले होते आणि दार बंदच होते.

मी थांबते म्हटले, पण सरांनी पाच वाजता माझ्यासमोर दिवे मालवले. "दमलेल्या डोळ्यांना जे हवं तेच दिसतं. तुम्ही घरी जा." मग म्हणाले, "चला, मीपण येतो. बाबांना भेटायचंय." ते स्कूटरवरून माझ्या रिक्षामागून नागावला आले. बाबांशेजारी पडवीत बसले आणि आमच्या पंपाबद्दल बोलू लागले. बाबांना उत्तर देता येत नव्हते. सर थांबत, जणू उत्तर आलेच आहे अशी मान हलवत आणि पुढचा प्रश्न विचारत. झटका आल्यापासून बाबांना भेटायला येणारी माणसे त्यांच्या उशाशी बसून आईशी बोलत. बाबांशी बोलणारे सर पहिलेच. जाताना बाबांनी डावा हात उचलून विहिरीकडे बोट केले, आणि सर अंधार पडण्याआधी ती पाहून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर म्हणाले, "आता जागा बदलू. तुम्ही ऑफिसात, मी इथे. काल काट मारलेलं सगळं पुन्हा." मला ते वेळ घालवणे वाटले, पण गेले. ऑफिसात आमचे हेडक्लार्क नाना फोनवर एसटी डेपोतल्या कोणाशी तरी तावातावाने भांडत होते. नाना म्हणजे संस्थेचा जुना खांब. आवाज असा की खाडीपलीकडे जावा. त्या गदारोळात मी फोनवर काय वाचणार? म्हणून लॉगचा फोटो काढला आणि सरांना पाठवून दिला.

थोड्याच वेळात भर उन्हात मैदान ओलांडून सर स्वतः येताना दिसले. ते दारात थांबले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले, आणि "वा!" म्हणून जे हसू लागले ते नानांच्या स्टुलावरच बसले.

आमच्या ऑफिसातले घड्याळ दहा मिनिटे पुढे असते. का, ते बाहेरच्या माणसाला सांगावे लागेल. रोह्याची शेवटची गाडी, तळ्याच्या मुलांचीही तीच, नाक्यावरून जाते. फार पूर्वी काही मुली ऑफिसात कागदांसाठी थांबल्या, त्यांची गाडी चुकली, आणि काळोख होईस्तोवर त्या नाक्यावर उभ्या राहिल्या. नानांनी दुसऱ्या दिवशी घड्याळ पुढे केले. तेव्हापासून आम्हा सगळ्यांना सवयच लागली आहे; त्या खोलीत शिरले की कोणतीही वेळ पाहा, मन आपोआप दहा मिनिटे वजा करते. सरांनी आदल्या दिवशी तेच केले होते. लॉगमध्ये अकरा वीस लिहिलेले, आणि पडद्यावर जे असेल तेच वाचा असे सगळ्यांना शिकवणारे आमचे सर ‘अकरा दहा’ वाचून मोकळे!

"नाना, या कॉम्प्युटरची वेळ कोणी लावली?" सरांनी विचारले.

"मीच," नाना म्हणाले. "भिंतीवर एक न् पेटीत दुसरीच, एका हापिसात दोन येला कशा चालतील? आपोआप बदलायची सोय होती ती पन बंद केली. का, काय झाला?"

तो संगणक आजवर कोणाशी बोलतच नव्हता, म्हणून त्याची वेळ कोणाला खुपली नव्हती. आता नव्या सर्व्हरचा पास फक्त पाच मिनिटे चाले. ऑफिसच्या हिशेबाने तो हातात पडायच्या आधीच शिळा झालेला असे. मी हे नानांना समजावले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे पोरांचा खोळंबा माझ्यापायी झाला?"

सर उठून त्यांच्याजवळ गेले. "नाना, भिंतीवरचं घड्याळ होतं तिथंच राहू द्या. मी तळ्याचा आहे. ती गाडी चुकली की काय होतं ते मला चांगलं माहीत आहे." मग त्यांनी मला संगणकाची वेळ दुरुस्त करायला सांगितली, आणि बाहेर खिडकीशी उभ्या मुलींपैकी पहिलीला आत बोलावून लॉगिन करायला लावले. पडदा एकदाच हलला आणि तिचे हॉलतिकीट समोर आले. ती म्हणाली, "झालं?" नानांनी लगेच खिडकीतून दुसरीला हाक मारली.

शनिवारी सभा झाली. मी दाराशी उभी होते. कार्यवाहांनी विचारले, की दोष कोणाचा होता? मला काळजी होती ती नानांची. त्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. सरांनी आधी नानांनाच उभे केले आणि घड्याळाची हकिकत सांगायला लावली. नानांनी ती गाडीच्या वेळेसकट, ड्रायव्हरच्या स्वभावासकट सांगितली, आणि सभासद हसले, कारण प्रत्येक जण त्या खोलीत वर्षानुवर्षे वजाबाकी करत आला होता. मग सर म्हणाले, "दोष सापडायला एक दिवस जास्त लागला, तो माझ्यामुळे. मी लॉग चुकीचा वाचला. मॅडमनी जसा होता तसा समोर ठेवला, म्हणून तो दिसला. बाहेरच्या कंपनीची माणसं हुशार असतील, पण त्यांना नाना भेटले नसते. हे काम इथल्या माणसाचं आहे, आणि तो माणूस तुमच्याकडे आहे. मॅडमना आता कायम करा."

एवढ्या वर्षांचा विभागप्रमुख, भरल्या सभेत, कोणी विचारलेही नसताना ‘मी चुकीचे वाचले’ म्हणतो, हे मी त्याआधी पाहिले नव्हते. फोटो मी गडबडीत काढला होता, त्यात माझी हुशारी काही नव्हती, हे त्यांना पक्के ठाऊक होते. बाहेर आल्यावर मी तसे म्हटलेही. सर म्हणाले, "सुपारीच्या सालाच्या वेळी तरी कुठे होती? तुम्ही पाइप वर ओढलात, एवढंच. बहुतेक लोक ओढत नाहीत." मला कायम केल्याचे पत्र पुढच्या आठवड्यात मिळाले.

सरांच्या ज्ञानाविषयी माझ्यापेक्षा अधिकारी माणसे लिहितील. मी त्यांच्या कुतूहलाची ऋणी आहे. त्या कुतूहलात दुसऱ्याला पकडण्याची हौस नसते. कारण सापडले की त्यांचे समाधान होते, दोषी सापडायची त्यांना गरज वाटत नाही, आणि म्हणून त्यांच्यापुढे माणसे खरे सांगतात. नानांनी त्या दिवशी पटकन ‘मीच’ म्हटले ते दुसऱ्या कोणासमोर म्हटले असते का, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

सर आता निवृत्त होत आहेत. विभागात त्यांची खुर्ची कोणाला मिळणार याची चर्चा चालू आहे, "वा!" कोण म्हणणार याची कोणी करत नाही. सरांनी तळ्याला जाऊन नुसता आराम करावा असे वहिनींचे म्हणणे आहे. वहिनी, आमच्या सदिच्छा तुमच्या पाठीशी आहेत, पण घरातला मिक्सर त्यांच्यापासून लांब ठेवा.

हा लेख काल संध्याकाळी मी बाबांना वाचून दाखवला. बाबा आता बोलतात. शब्द जड येतात, मधेच अडतात, पण येतात. रोज थोडे थोडे म्हणवून घेताना मी समोर असते म्हणून येतात. सभेचा भाग ऐकताना त्यांनी मला थांबवले आणि तो पुन्हा वाचायला लावला. शेवटी मी म्हटले, की आता सरांना दीर्घायुष्य चिंतायचे आहे, चांगलेसे वाक्य सुचत नाही. बाबांनी विहिरीकडे पाहिले. मग डाव्या हाताने त्यांनी माझे मनगट धरले.

"लिव," ते म्हणाले. "सर... माजी पोर... घरी हाय." दम घेतला. "तुमी बी... लय वर्सं... ऱ्हा."